वारकरी भक्ती आणि सचोटीचे आचरण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंढरीची वारी करणारे, गळ्यात तुळशीची माळ असलेले किंवा ती घालण्याचा विचार करणारे अनेक जण पुढील प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. उत्तरे देताना संतांची वचने, त्यांच्या चरित्रांतील परंपरेने जपलेले प्रसंग आणि आजच्या महाराष्ट्रातील व्यवहार हे तिन्ही समोर ठेवले आहेत. जेथे परंपरा स्पष्ट बोलते तेथे तिचे म्हणणे दिले आहे आणि जेथे निर्णय आपल्यालाच करावा लागतो तेथे माझे मत मत म्हणूनच मांडले आहे.

सचोटीने वागणे ही भक्तीची पूर्वतयारी आहे, भक्तीचे फळ आहे, की ती स्वतःच भक्ती आहे?

वारकरी परंपरेच्या दृष्टीने ती स्वतःच भक्ती आहे. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात माउली सांगतात : ‘तया सर्वात्मका ईश्वरा । स्वकर्मकुसुमांची वीरा । पूजा केली होय अपारा । तोषालागीं ॥’ आपल्या वाट्याला आलेले काम नीट करणे हीच येथे देवाला वाहिलेली फुले आहेत आणि त्या पूजेने तो अपार संतुष्ट होतो. सावता महाराजांनी अरणच्या मळ्यात कांदा, मुळा आणि भाजीमध्ये विठाई पाहिली ती याच अर्थाने. मळा सोडून पंढरीला जाण्याची गरज त्यांना वाटली नाही, कारण मळ्यातील कष्ट हेच त्यांचे पूजन होते.

तुकोबा याच विचाराला दुसऱ्या बाजूने भिडतात. सगळे जग विष्णुमय आहे असे सांगून ते त्याच अभंगात म्हणतात : ‘कोणाही जीवाचा न घडो मत्सर । वर्म सर्वेश्वरपूजनाचें ॥’ पूजेचे वर्म कोठे आहे हे त्यांनी इतक्या उघडपणे सांगितल्यावर पळवाट उरत नाही. जग जर खरोखर विष्णुमय असेल, तर ज्या मजुराची मजुरी आपण बुडवली किंवा ज्या गिऱ्हाइकाला कमी माप दिले, त्याच्या ठिकाणीही तोच विष्णू होता. एका ठिकाणी त्याला फसवून दुसऱ्या ठिकाणी त्याला हार घालणे या विचारात बसत नाही.

नामस्मरणाने पाप जळते असे संत सांगतात. मग व्यवहाराची एवढी चिंता कशाला करायची?

नामाचा महिमा संतांनी मुक्तकंठाने गायला आहे आणि त्यात काही कमी करण्याचे कारण नाही. मात्र नाम हा आपल्या वागण्यावरचा परवाना आहे असे कोणत्याही संताने म्हटलेले नाही. ज्या तुकोबांनी नाम गायले त्यांनीच तीर्थाला जाऊन केवळ कातडी धुऊन आलेल्या माणसाला विचारले की, तू तेथे जाऊन केलेस तरी काय. पापाची जाणीव होऊन शरण आलेल्या माणसासाठी नाम हा मोठा आधार आहे. उद्याही तेच करायचे असे ठरवून आज नाम घेणाऱ्याला तो आधार मिळतो असे मानणे म्हणजे देवाला आपल्या हिशेबात भागीदार करून घेणे होय. नामाचा परिणाम जिभेपुरता राहिला की मनापर्यंत पोहोचला हे ज्याचे त्याला आधी कळते आणि ज्याच्याशी त्याचा व्यवहार असतो त्याला लगेचच त्यानंतर कळते.

माळ घालताना ‘परद्रव्य’ वर्ज्य करण्याचे पथ्य सांगतात. आजच्या काळात त्यात काय काय येते?

माळकऱ्याची पथ्ये सगळ्यांना पाठ असतात : एकादशीचे व्रत, वारी, हरिपाठ, मद्यमांस वर्ज्य, परस्त्री मातेसमान, परद्रव्य वर्ज्य. यांपैकी खाण्यापिण्याच्या पथ्यांकडे समाजाचे लक्ष फार असते. माळकऱ्याने मटण खाल्ले तर गावात चर्चा होते, परंतु त्यानेच शेजाऱ्याचा बांध कोरला तर तो ‘जमिनीचा वाद’ ठरतो आणि माळेशी त्याचा संबंध कोणी जोडत नाही. मला हे फार खटकते. पथ्यांच्या एकाच यादीतील दोन गोष्टींना इतके वेगळे वजन देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

जे आपल्या कष्टाने, वारशाने किंवा खऱ्या देणगीने आपले झालेले नाही, ते सर्व परद्रव्य होय. चोरी तर त्यात येतेच. आकडा टाकून घेतलेली वीज, पात्रता नसताना घेतलेले रेशनचे धान्य, खोटा पंचनामा करून मिळवलेली नुकसानभरपाई, कार्यालयात टेबलाखालून घेतलेले पैसे आणि मजुराच्या रोजातून कापलेले वीस रुपयेही त्यात येतात. सरकारचा पैसा कोणाचाच नसतो अशी एक समजूत आपल्याकडे रुजली आहे. तो पैसा ज्या गावात शाळेची खोली आणि दवाखान्यातील औषध होऊन पोहोचायचा असतो, त्या गावातील लेकरांचा आणि रुग्णांचा असतो.

हे पथ्य अवघड आहे असे म्हणणाऱ्यांना तुकोबांनी एका अभंगात साधा प्रश्न केला आहे : ‘खरें बोलतां कोण लागती सायास ।’ परद्रव्याचा अभिलाष न धरल्याने, परनिंदा न केल्याने तुमचे काय खर्च होते, असेही ते त्याच अभंगात विचारतात आणि देव याचसाठी जोडतो, आणखी आटाआटीची गरज नाही, असा निर्वाळा देतात.

बहिणीने आनंदाने हक्कसोड पत्रावर सही केली. त्यात अन्याय कसला?

खरोखर आनंदाने, सर्व माहिती असताना आणि कोणताही दबाव नसताना केली असेल, तर अन्याय नाही. पण हा ‘असेल तर’ फार मोठा आहे आणि भक्तिमार्गावर चालणाऱ्या भावाने तो स्वतःलाच विचारला पाहिजे.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि पुढे केंद्राने २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. त्यानंतर गावोगावी हक्कसोड पत्रे लिहून घेण्याची घाई सुरू झाली. बहिणीला माहेर तुटण्याची भीती असते. सही केली नाही तर भाऊबीजेला कोण बोलावणार, बाळंतपणाला कोठे जायचे, नवऱ्याने टाकले तर उभे कोण करणार, हे सगळे तिच्या मनात चाललेले असते. अशा भीतीतून झालेल्या सहीला कायदा कदाचित ग्राह्य धरील. विठ्ठलासमोर तिला आनंदाची सही म्हणण्याचे धाडस मात्र मला होत नाही.

अनेक कुटुंबांत जमीन थोडी असते, शेती तोट्यात असते, आईवडिलांना शेवटपर्यंत भावानेच सांभाळलेले असते, ही अडचणही खरी आहे. त्यावर मार्ग निघतो. तिचा वाटा किती होतो हे प्रथम तिला सांगावे, सातबारा तिच्या हातात द्यावा, तिने विचार करायला वेळ घ्यावा आणि मग जमीन, रक्कम किंवा तिला हवे असेल ते ठरावे. तिने सर्व समजून सोडून दिले तर ते तिचे दान आहे आणि भावाने ते दान म्हणूनच आयुष्यभर मानावे. तिने मागितले तर ती आपलेच मागत आहे आणि त्यासाठी तिच्याशी बोलणे तोडणे हा दुसरा अन्याय ठरतो.

बांधाचेही असेच आहे. नांगरताना दर वर्षी वीतभर बांध खाणारा मनुष्य स्वतःला चोर समजत नाही. मोजणी आणून खुणा कायम करून घेणे आणि आपल्याकडे जास्त निघाले तर शेजाऱ्याला ते सोडणे हे माझ्या मते एका वारीइतके पुण्याचे काम आहे.

व्यापार आणि भक्ती एकत्र चालू शकतात का? थोडेफार इकडेतिकडे केल्याशिवाय धंदा चालत नाही असे सगळेच म्हणतात.

तुकोबा स्वतः दुकानदाराच्या घरात जन्मले, त्यांच्या घरी महाजनकी आणि सावकारी होती आणि उत्तम व्यवहाराने धन जोडावे असे त्यांनीच सांगितले आहे. धन जोडणे त्यांना पाप वाटले नाही, ते कसे जोडले आणि कशा वृत्तीने खर्च केले याकडे त्यांचे लक्ष होते. म्हणून ‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग वारकऱ्याने केवळ म्हण म्हणून घेऊ नये. उसाच्या वजनात होणारी काटामारी, दुधात मिसळलेले पाणी किंवा पावडर, पेट्रोलच्या मापातील थेंब, बांधकामात कमी घातलेले सिमेंट, हे सगळे मापातील पाप आहे. भेसळीच्या दुधाचा धंदा करून श्रावणात पिंडीवर शुद्ध दुधाचा अभिषेक करणाऱ्या माणसाने कोणते दूध कोणाला दिले याचा एकदा विचार करावा.

हिशेबाच्या बाबतीत एकनाथ महाराजांची एक गोष्ट परंपरेने जपली आहे. देवगिरीच्या किल्ल्यावर गुरू जनार्दनस्वामींकडे असताना हिशेबाचे काम त्यांच्याकडे होते. एकदा एका पैची चूक लागेना म्हणून ते रात्रभर दप्तर घेऊन बसले आणि पहाटे चूक सापडताच त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी टाळी वाजवली. जनार्दनस्वामींनी ते पाहिले आणि एवढ्याशा चुकीसाठी जी एकाग्रता आणि जो आनंद, तोच भगवंताकडे वळव, असे सांगितले. ही गोष्ट कीर्तनात बहुधा एकाग्रतेसाठी सांगतात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ती पै एकनाथांच्या खिशातील नव्हती आणि ती शोधली नसती तरी त्यांना कोणी जाब विचारला नसता. ज्याला दुसऱ्याच्या एका पैची झोप उडवण्याइतकी काळजी होती, त्याच्याच हातून पुढे पैठणला गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारे अस्पृश्याचे लेकरू कडेवर उचलले गेले. या दोन प्रसंगांत मला एकच माणूस दिसतो.

धंद्यात ‘सगळेच करतात’ हे उत्तर विचारणाऱ्याचे समाधान करीत नसते, म्हणून तर तो विचारतो. पूर्ण प्रामाणिक व्यवहारात नफा कमी होईल, कधी एखादे गिऱ्हाईकही जाईल. ते नुकसान सोसणे हा साधनेचाच भाग समजावा.

चुकीच्या मार्गाने मिळवलेला पैसा देवस्थानाला किंवा अन्नदानाला दिला तर तो शुद्ध होतो का?

होत नाही. तो ज्याचा आहे त्याचाच राहतो. दानपेटीत टाकलेली रक्कम ज्याच्याकडून हिरावून घेतली त्याला काहीही मिळालेले नसते आणि देणाऱ्याला मात्र दाता म्हणून नारळ, शाल आणि फलकावर नाव मिळते. सप्ताहाच्या पंगतीला अवैध वाळूचा किंवा गुत्त्याचा पैसा घेणाऱ्या मंडळांनीही थोडे थांबून पाहावे. पंगत साधी झाली, भातभाजीची झाली, तरी चालते.

या बाबतीत तुकोबांच्या चरित्रातील एक तपशील मी पुन्हा पुन्हा आठवतो. १६३० च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात त्यांचे घर उद्ध्वस्त झाले. त्यानंतर त्यांनी कुळांची कर्जखते इंद्रायणीत बुडवली हे सर्वांना माहीत असते. परंपरा पुढे असेही सांगते की सगळी खते त्यांनी बुडवली नाहीत. धाकटे बंधू कान्होबा यांच्या वाट्याची निम्मी खते त्यांनी वेगळी काढून दिली आणि आपल्या वाट्याचीच पाण्यात टाकली. वैराग्याच्या त्या क्षणीही भावाच्या हक्कावर त्यांनी उदारपणा केला नाही. जे आपले आहे तेवढेच माणसाला दान करता येते, हे त्यांनी न बोलता करून दाखवले.

मग दामाजीपंतांनी बादशहाचे धान्य वाटले ते कसे योग्य ठरते? ते तर त्यांचे नव्हते.

हा प्रश्न जाणत्या श्रोत्याचा आहे आणि तो टाळू नये. मंगळवेढ्याचे दामाजीपंत हे बहामनी राजवटीतील अधिकारी होते. दुष्काळात माणसे मरू लागली तेव्हा त्यांनी आपल्या ताब्यातील सरकारी कोठारे खुली केली, बेदरहून बोलावणे आले आणि तेवढ्यात विठू महाराचे रूप घेऊन पांडुरंगाने धान्याची सगळी किंमत दरबारात भरली, अशी कथा आहे.

कथेच्या रचनेकडे लक्ष द्यावे. दामाजीपंतांनी धान्य घरी नेले नाही, लपवून विकले नाही, आणि शिक्षा टाळण्यासाठी ते पळालेही नाहीत. भुकेने मरणाऱ्या रयतेचा त्या धान्यावर पहिला हक्क आहे असे त्यांनी मानले आणि परिणाम भोगायला ते तयार राहिले. तरीही सांगणाऱ्यांना खजिन्याचे देणे थकीत ठेवावेसे वाटले नाही. कथेत देवाने पैन् पै भरून पावती घेतली. म्हणजे लोकांचे प्राण वाचवणे आणि हिशेब पुरा करणे या दोन्ही गोष्टी आपल्या पूर्वजांना हव्या होत्या. आज ‘गरिबांसाठीच केले’ असे सांगून संस्थेचा निधी वळवणाऱ्याने दामाजीपंतांचे नाव घेऊ नये, कारण त्याने मरणाऱ्यांसाठी स्वतःची मान पुढे केलेली नसते.

न्याय आणि समता हा राजकारणाचा विषय नाही का? भक्ताने त्यात का पडावे?

भक्ताने त्यात पडावे की नाही हा प्रश्न ज्याला निवडीचा वाटतो, तो सुदैवी आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीत जन्मलेल्या संत चोखोबांना ती निवड मिळाली नाही. ज्या विठ्ठलावर त्यांनी जीव ओवाळला त्याच्या देवळात त्यांना प्रवेश नव्हता आणि बडव्यांनी, म्हणजे देवळातील वंशपरंपरागत पुजाऱ्यांनी, मारल्यावर ‘धांव घालीं विठू आतां, चालूं नको मंद’ असा त्यांनी टाहो फोडला. मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या कामावर असताना १३३८ मध्ये ती भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर चोखोबाही तिच्याखाली गेले. परंपरेनुसार नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून पंढरपुरात महाद्वारासमोर समाधी बांधली. ज्याला जिवंतपणी आत घेतले नाही त्याची समाधी दाराशी ठेवून नामदेवांनी पुढील सर्व पिढ्यांना तो प्रश्न रोज ओलांडायला लावला.

त्या प्रश्नाचे उत्तर यायला सहाशे वर्षांहून अधिक काळ लागला. अस्पृश्यांसाठी विठ्ठल मंदिर खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केले. ते १० मे रोजी मंदिर खुले करण्याचा निर्णय झाल्यावर संपले. गुरुजी देवावर रागावून उपोषणाला बसले नव्हते, त्यांचे विठ्ठलावर प्रेम होते आणि म्हणूनच त्याच्या लेकरांना दाराबाहेर ठेवणे त्यांना सहन झाले नाही. त्यांचा मुक्काम एका वारकरी मठात होता हेही विसरू नये, कारण विरोध करणारे जसे धार्मिक होते तसे आश्रय देणारेही धार्मिकच होते.

पुढे १९७३ च्या कायद्याने पंढरपूरच्या मंदिरांतील बडवे, उत्पात आदी पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपवले आणि दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने तो प्रश्न निकाली निघाला. या सगळ्यात राजकारण होतेच. पण चोखोबांच्या अभंगातील दुःख ज्याला खरे वाटते त्याने त्या दुःखाचे कारण दूर करणाऱ्यांपासून अंतर ठेवण्याचे काही कारण नाही.

वारीत सगळे एकमेकांच्या पाया पडतात. गावी परतल्यावर मात्र जात पुन्हा उभी राहते. याला काय म्हणावे?

याला अपूर्ण वारी म्हणावे. वाटेवर वयाने, जातीने, मानाने कोणीही असला तरी तो ‘माउली’ असतो आणि हा अनुभव खोटा नसतो. अठरा-वीस दिवस एका पंगतीला जेवलेल्या माणसांना समता म्हणजे काय हे शरीराने कळलेले असते. पण दिंड्यांमध्येही जातीनुसार वेगळी राहुटी आणि वेगळी पंगत राहिल्याच्या आठवणी जुनी माणसे सांगतात, आणि गावी परतल्यावर पाणवठा, स्मशान, लग्नाची पंगत आणि भाड्याची खोली या चार ठिकाणी जातीचा कस लागतो. जातपंचायतीने वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा केला, कारण तसे होत होते. गावातील एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकले असताना त्याच गावच्या दिंडीने मुकाट पताका उचलून निघावे, हे मला मान्य होत नाही. निदान दिंडीत वीणा घेऊन चालणाऱ्या विणेकऱ्याने आणि ज्येष्ठ माळकऱ्यांनी त्या घरी जाऊन चहा घ्यावा आणि त्यांना दिंडीत बोलवावे.

घरातील वागणुकीचा यात समावेश होतो का?

सर्वात आधी होतो. संत बहिणाबाईंनी तुकोबांना गुरू मानले म्हणून त्यांच्या पतीने त्यांना मारहाण केली, हे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रपर अभंगांत नोंदवले आहे. मारणारा मनुष्य वैदिक कर्मे करणारा होता. कर्मकांडात चूक नसलेल्या माणसाच्या घरात असा छळ चालू शकतो, याची ही पहिल्या हाताची साक्ष आहे. दासदासींवर पुत्राइतकीच दया करावी असे तुकोबांनी सांगितले आहे. आजच्या घरात याचा अर्थ धुणेभांडी करणाऱ्या बाईला आजारपणाची रजा पगारासह देणे, तिचा कप वेगळा न ठेवणे, सुनेकडून हुंडा किंवा ‘मानपान’ न मागणे आणि वृद्ध आईवडिलांच्या औषधाचा खर्च भावाभावांत वेळेवर वाटून घेणे असा होतो.

माझ्यावर अन्याय झाला आहे. भक्ताने क्षमा करून गप्प बसावे की कोर्टात जावे?

क्षमा ही मनाची अवस्था आहे आणि दाद मागणे हे काम आहे. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी करता येतात. दयेची व्याख्या करताना तुकोबांनी भूतांचे पाळण आणि कंटकांचे निर्दळण ही दोन्ही कामे दयेतच घातली आहेत, आणि ते सौम्य संताकडून आलेले असल्यामुळे अधिक गंभीरपणे घ्यावे. आपण गप्प बसलो तर तोच मनुष्य उद्या आणखी दुबळ्या माणसाला गाठतो. म्हणून तक्रार करावी, पुरावे जपावे, वकील करावा. परवाना नसताना चालणाऱ्या सावकारीविरुद्ध २०१४ चा कायदा आहे, त्याचा उपयोग करावा. मात्र दाव्यात एक खोटा कागद जोडला किंवा एक खोटा साक्षीदार उभा केला, तर ज्या सत्यासाठी लढायचे तेच आपल्या हातून गेलेले असते. ‘समोरचा खोटे करतो म्हणून मीही’ हा युक्तिवाद येथे चालणार नाही.

मारहाण, विनयभंग किंवा लेकरांवरील अत्याचार यांत ‘घरातले घरात मिटवा, देव पाहील’ असे सांगणारा मनुष्य कितीही मोठा महाराज असला तरी त्याचे ऐकू नये.

पूर्वी माझ्या हातून कोणाचे तरी नुकसान झाले आहे. आता काय करावे?

वाघोलीचे रामेश्वर भट्ट हे तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावणारे म्हणून ओळखले जातात. तेच पुढे तुकोबांचे निष्ठावंत अनुयायी झाले आणि आजही गावोगावी म्हटली जाणारी तुकारामांची आरती त्यांच्याच नावाची आहे. त्यांनी आपला विरोध केवळ मनातल्या मनात सोडून दिला नाही. ज्यांच्यासमोर निंदा केली होती त्यांच्याचसमोर गौरव गायला. यात परत फिरण्याची रीत दिसते : जेथे नुकसान केले तेथेच जावे. पैसे घेतले असतील तर ते परत करावेत, एकदम जमत नसेल तर हप्त्याने करावेत. बदनामी केली असेल तर ज्या चार माणसांत ती केली त्यांनाच खरे सांगावे. ती व्यक्ती हयात नसेल तर तिच्या वारसांना द्यावे, आणि वारसही सापडत नसतील तेव्हाच ती रक्कम गरजूंसाठी वापरावी. दानाचा मार्ग शेवटचा आहे, आपण मात्र तो सोपा असल्यामुळे पहिला धरतो.

समोरचा क्षमा करीलच असे नाही. न करण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे.

कीर्तनकाराचे मानधन, दिंडीची भिशी आणि देवस्थानचे हिशेब याबद्दल काय भूमिका असावी?

तुकोबांचे म्हणणे या बाबतीत अतिशय कडक आहे : ‘जेथें कीर्तन करावें । तेथें अन्न न सेवावें ॥’ आजच्या कीर्तनकाराला प्रवास, साथीदार आणि संसार असतो, म्हणून येण्याजाण्याचा खर्च आणि साथसंगत करणाऱ्यांचा योग्य मोबदला देणे यात मला दोष दिसत नाही. परंतु बोली लावून ठरलेली मोठी रक्कम आणि त्यासाठी दुष्काळी गावात घरटी सक्तीने काढलेली वर्गणी यांचे समर्थन तुकोबांच्या नावाने करता येणार नाही.

दिंडीच्या भिशीचा, म्हणजे वाटखर्चासाठी वारकऱ्यांनी भरलेल्या रकमेचा, जमाखर्च शेवटच्या मुक्कामी सर्वांसमोर वाचून दाखवावा. टँकर, तंबू, भाजीपाला, स्वयंपाकी बायांची मजुरी, औषधे, सगळे त्यात यावे. विश्वस्तांनी हिशेब मागणाऱ्याला नास्तिक ठरवू नये, तो देवाच्याच पैशांची काळजी करीत असतो.

कर्ज काढून वारी, सप्ताह किंवा गावजेवण करावे का?

करू नये. गाडगे महाराजांनी हातात झाडू घेऊन गावे झाडली आणि रात्री कीर्तनात लोकांना तोंडावर विचारले की कर्ज काढून सण कशाला करता, लेकरांना शाळेत का घालत नाही. पंढरपुरात अस्पृश्य वारकऱ्यांना उतरायला जागा नव्हती म्हणून त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि पुढे ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. जमा झालेला पैसा कोठे लागावा याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

मी माळ घातलेली नाही आणि नोकरीमुळे वारीला जाणे जमत नाही. हे सर्व मला लागू होते का?

होते. सावता महाराजांचे उदाहरण वर आलेच आहे. पुण्यातील बँकेत, नवी मुंबईतील कारखान्यात किंवा परदेशातील कार्यालयात काम करणाऱ्याला स्वकर्म असतेच. खोटी बिले न जोडणे, हाताखालच्याचे श्रेय त्याला देणे, असुरक्षित यंत्रावर कोणाला काम करायला न लावणे, ही त्याची फुले आहेत.

वारीला निघण्यापूर्वी काय तपासावे?

देहूहून पालखीचे प्रस्थान ज्येष्ठ वद्य सप्तमीला आणि आळंदीहून अष्टमीला होते. हे दिवस पेरणीच्या तोंडाशी येतात, म्हणजे शेतमजुरांचे रोज, बियाण्याची उधारी आणि ट्रॅक्टरवाल्याचे भाडे नेमके याच वेळी अडकलेले असते. पिशवी भरण्याच्या आदल्या आठवड्यात वही काढून बसावे आणि कोणाकोणाचे देणे आहे ते लिहावे. मजुराचे देणे आधी, दुकानदाराचे नंतर. हातात पैसे नसतील तर त्या माणसाच्या घरी जाऊन तसे स्पष्ट सांगावे आणि परतल्यावर कोणत्या तारखेला देणार ते ठरवावे. त्याला तोपर्यंत थांबणे जमत नसेल, तर भिशीचे पैसे त्याला द्यावेत आणि त्या वर्षी पंढरपूरजवळच्या वाखरीपर्यंत न जाता आपल्या गावाजवळून जाणाऱ्या पालखीबरोबर एक मुक्काम चालून परत यावे.